हौसाक्काच्या दारावरचा काळा चौकोन

आमच्या दुकानात दोन गोष्टी कितीही झाडून काढा, संध्याकाळपर्यंत परत साठतात. एक वायरीचे तुकडे आणि दुसरे किस्से! कोल्हापुरात घराबाहेर कॅमेरे बसवून द्यायचा आमचा धंदा. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, शिडीवर. मी खाली रस्त्यावर, मोबाईल घेऊन. कॅमेऱ्यात काय दिसतंय ते मोबाईलवर बघायचं आणि ओरडायचं, "खाली! आणखी खाली! डावीकडं!" नवऱ्याला शिडीवर चढवून खालनं हुकूम सोडायचे, असा धंदा कुठल्या बाईला मिळतो सांगा!

पण मी मुळात घाबरट. गॅस बंद केला का बघायला बस स्टॉपवरनं परत येणाऱ्यातली. त्यामुळं किस्से मी हसत सांगते, पण घडत असताना मी घाबरलेलीच असते, हे तेवढं लक्षात असू द्या.

तर एका शुक्रवारी पोलीस ठाण्यातनं फोन आला.

"हेडसरांच्या घराबाहेरचा कॅमेरा तुम्हीच बसवलाय न्हवं? शेजारच्या आजींचा अर्ज आलाय. मंगळवारी अकराला या. मागच्या महिन्याचं रेकॉर्डिंग घेऊन या."

एवढंच बोलून फोन ठेवला. आमच्या धंद्यात कॅमेरा बंद पडला तर लोक शिव्या देतात आणि विसरतात. पण 'ह्यांचा कॅमेरा शेजारणीच्या दारात बघतो' असं एकदा पेठेत झालं, त्यात ठाण्यात नाव लागलं, की कुठली बाई आम्हाला तिच्या गल्लीत शिडी लावू देणार? दुकान बंदच की! मालक म्हणाले, "आपण काय चुकीचं केलंय? झोप गप." ते झोपले. मी शुक्रवार ते मंगळवार जुनी कामं आठवत बसले. कुठं काय चुकलं होतं, कोण काय म्हणालं होतं. घाबरले की माझं असंच होतं.

* * *

पहिलं आठवलं ते शनिवार पेठेतलं. धंदा नवा होता. गल्ली एवढी अरुंद, की एक म्हैस आत आली की दुसरीनं तोंडाशी थांबायचं. मालकांनी कॅमेरा लावला आणि मोबाईलवर चित्र आलं. इतकं स्वच्छ, की मला राहवलंच नाही. मी आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले, "दिसतंय! सगळं दिसतंय! समोरच्यांचं देवघर पण दिसतंय!"

समोरचं दार धाडकन उघडलं. बनियनवरचे एक आडदांड गृहस्थ बाहेर आले.

"कुणाचं देवघर दिसतंय?"

"तु... तुमचंच."

त्यांनी एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "मग आता आरती बी तिकडनंच म्हणा! आमी नुसता प्रसाद खातो!"

मालकांनी घाबरून कॅमेरा असा खाली वळवला, की आमच्या गिऱ्हाइकाला तीन महिने फक्त स्वतःच्या दारातल्या चपला दिसत होत्या. विचारलं तर म्हणायचे, "लई भारी काम केलंसा वहिनी! एक चप्पल हलली न्हाय अजून!"

* * *

त्यानंतर मी धसकाच घेतला आणि एका वकीलसाहेबांना गाठलं. त्यांनी नीट समजावून सांगितलं. "हे बघ, घराबाहेर कॅमेरा लावायला बंदी न्हाय. आपलं फाटक बघ, आपली भिंत बघ, समोरचा रस्ता थोडा आला तर येऊ दे. पण दुसऱ्याच्या दारातनं, खिडकीतनं आत बघायचं न्हाय. न्हाणीकडं तोंड गेलं आणि बाईमाणूस दिसलं, तर थेट गुन्हा! आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेव. आणि कॅमेरा चालू हाय म्हणून पाटी लाव."

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. ती वही अजून माझ्या पर्समध्ये असते.

पुढच्याच महिन्यात खुद्द साहेबांच्या घरी काम निघालं. मालक शिडीवर, साहेब माझ्या शेजारी. "जरा डावीकडं घ्या. आणखी डावीकडं. आणखी!" डावीकडं त्यांच्या थोरल्या भावाचं घर. वाटणीवरनं बोलणं बंद. बघता बघता मोबाईलवर भावाचं स्वयंपाकघर आलं. कढईत काय चाललंय ते सुद्धा दिसायला लागलं. वांगी होती.

मी पर्समधनं वही काढली. "साहेब, तुम्हीच तर सांगितलंय की..."

"अगं त्यो कायदा शेजाऱ्याला! ह्यो माझा सख्खा भाऊ हाय!"

मी काही ऐकलं नाही. कॅमेरा फाटकाकडंच ठेवला. साहेबांनी चहा सुद्धा विचारला नाही. आठ दिवसांनी मात्र त्यांचा फोन. आवाज एकदम बारीक. "बरोबर केलंस गं तू. थोरल्यानं बी लावलाय. जरा येऊन त्याला पण तुझी ती वही दाखीव."

* * *

आता मुरगूडचं. हे ऐका, कारण पुढचं सगळं इथनं सुरू झालं.

दुधाचा धंदा असलेलं घर. त्यांना गोठ्यावर कॅमेरा पाहिजे होता. गोठ्यापाशी एकच उंच खांब, त्यावरच बसवायला लागणार. बसवला. मोबाईलवर गोठा आला, म्हशी आल्या, आणि मागं शेजाऱ्यांची न्हाणी आली. वर छप्पर नाही! आत कुणी नव्हतं, नुसती बादली आणि तांब्या. तरी माझ्या अंगावर काटा आला. आता कुणी नाही, पण सकाळी असणारच की!

मालक वरनं म्हणाले, "घाबरू नको. काळा चौकोन टाक."

हा काळा चौकोन मला तेव्हाच कळला. चित्रातला नको तो भाग सेटिंगमधनं कायमचा काळा करता येतो. मग तो भाग ना टीव्हीवर दिसतो, ना रेकॉर्डिंगमध्ये येतो. मी बोटानं ओढून न्हाणीवर चौकोन टाकला. जीव भांड्यात पडला. इतकं बरं वाटलं, की मी नको तो शहाणपणा केला. शेजारी जाऊन सांगितलं, "पावणं, काळजी करू नका. तुमची न्हाणी आम्ही झाकलीया."

"झाकली? म्हंजे आधी दिसत हुती?"

"तशी... थोडी..."

"कुणी बघितली?"

"मीच. पण रिकामी होती हो!"

ते आत वळून ओरडले, "अगं ए! आज आंघुळीला कवा गेलतीस?" झालं! पाच मिनिटांत सासू, जावा, दीर, शेजारपाजार सगळे गोठ्यापाशी. आमची शिडी कुणीतरी काढून घेतली, आणि मालक वर खांबाला तसेच! मला घेरलं. "काय काय दिसलं ते सांगा. सगळं सांगा."

मी रडकुंडीला येऊन म्हणाले, "देवाशपथ, एक बादली आणि एक पितळी तांब्या. बाकी काही नाही!"

गर्दीतनं सासूबाई पुढं आल्या. "पितळी? काठाला पोचा आलेला?"

"हो."

"अगं बाई! चार दिस झाले हुडकालोय त्यो!"

तांब्या सापडला म्हणून आम्ही सुटलो. चहा मिळाला, वर लिटरभर दूध. पण परत येताना गाडीवर मी मालकांना सांगून टाकलं, "ह्यापुढं झाकायचं सगळीकडं. सांगायचं कुणालाच नाही." तेव्हापासनं तोच आमचा नियम. कुठल्याही कामाला गेलो की आधी शेजाऱ्याच्या दारावर चौकोन, मग बाकीचं. आणि शेजाऱ्याला अवाक्षर बोलायचं नाही.

* * *

गगनबावड्याचं तर वेगळंच. तिथल्या पावसात आणि धुक्यात कॅमेरा टिकवायचा म्हणजे वैताग. एक पावणे म्हणाले, "मला खोटाच द्या. नुसता भ्या दाखवायला." आम्ही दिला. नुसतं टरफल. आत काच नाही, वायर नाही, काही नाही. म्हटलं, चला, हा एक कॅमेरा तरी मला झोप लागू देईल!

वर्षभरानं समोरच्या वहिनींनी तक्रार केली, की ह्यांचा कॅमेरा माझ्या अंगणात बघतो. हवालदार आले, आम्हाला बोलावलं. पावण्यांनी ऐटीत शिडी लावली, कॅमेरा खाली काढला आणि सगळ्यांसमोर उघडला. आत कुंभारमाशीचं मातीचं घर!

हवालदार हसायला लागले. "वहिनी, मिटलं की! ह्यात कोण सुद्धा बघत न्हवतं."

वहिनी लालबुंद झाल्या. "बघत न्हवतं? मग वर्षभर मी चांगलं लुगडं नेसून आंगण झाडलं ते कुणासाठी?"

हवालदारांना काय लिहावं कळेना. वहिनींचं एकच म्हणणं, "एक तर खरा लावा, न्हायतर काढून टाका! माणसाला असं फसवायचं नसतंय!"

* * *

आता ज्यांच्यावरनं फोन आला ते हेडसर. दोन वर्षांपूर्वीचं काम. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर, घरी एकटेच. कानानं कमी ऐकू येतं. फाटक वाजलेलं कळत नाही, म्हणून कॅमेरा पाहिजे होता. फाटकाला लागूनच शेजारच्या हौसाक्काची पायरी. हौसाक्का सत्तरी ओलांडलेली, ती पण एकटी. लेक पुण्याला.

आम्ही कॅमेरा लावत होतो तेव्हा ती पायरीवर येऊन उभी राहिली. "सर, ह्यात समदं दिसतंय व्हय?"

सरांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. दुसऱ्यांदा आलं, तेव्हा ते नवं खेळणं मिळाल्यासारखे खूश होऊन म्हणाले, "सगळं दिसतं आक्का! सगळं!"

ती तशीच आत गेली. मला धडकी भरली. आता ही ओरडणार, मुरगूड होणार! मी गडबडीनं तिच्या दारावर आणि पायरीवर काळा चौकोन ओढला. सरांनी टीव्हीवर बघून विचारलं, "हा डाग कसला?" मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "कायदा आहे सर. दुसऱ्याचं दार आपल्याला दिसून चालत नाही. राहू दे तसंच. आणि आक्कांना सांगू नका, उगाच विषय वाढतो." सर शिस्तीचे. त्यांनी मान डोलावली.

तेवढ्यात हौसाक्का परत बाहेर आली. केस चापूनचोपून बांधलेले, नव्या लुगड्याचा पदर डोक्यावर. कॅमेऱ्याकडं बघून हात केला आणि भाजी आणायला निघाली.

पुढं सर्व्हिसिंगला गेले की बघायचे, सर टीव्हीवर गल्ली लावून बसलेले. शाळा सुटली पण हजेरी सुटली नाही. म्हणायचे, "हौसाक्का गल्लीतनं जाता-येता रोज हात करते बघ कॅमेऱ्याला. मी पण इथनं टीव्हीला हात करतो." आणि आम्ही दोघं हसायचो.

म्हणून तर फोन आल्यावर मला कळेना, की अर्ज कशाला? एवढी हात करणारी बाई! मालक म्हणाले, "कुणीतरी कान भरले असतील. तुझा चौकोन हाय न्हवं? मग भ्यायचं कारण न्हाय." सोमवारी दुपारी सरांकडं जाऊन मी मागच्या महिन्याचं रेकॉर्डिंग घेतलं. सरांचा चेहरा उतरलेला. "अगं, ती बोलतच नाही माझ्याशी. मी काय केलं?" मी दुकानात बसून एकेक दिवस उघडून बघितला. माणसं नाही बघितली, नुसता चौकोन बघितला. पहिल्या तारखेपासनं शेवटच्यापर्यंत पायरी झाकलेली. एक सुद्धा दिवस उघडा नाही! मी देवापुढं साखर ठेवली. चार दिवसांत पहिल्यांदा भाकरी गोड लागली.

* * *

मंगळवारी अकराला ठाण्यात गेलो. मालक, मी, हातात लॅपटॉप. सर कोट घालून आलेले, सारखा रुमालानं घाम पुसत होते. हौसाक्का रिक्षातनं आली. एका पायाला प्लॅस्टर, हातात वॉकर. न्हाणीत घसरली असणार, असं मनात म्हटलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष वहीत.

फौजदारबाईंनी अर्ज वाचला. ठाण्याबाहेर अर्ज लिहून द्यायला बसतात, त्यातल्या कुणाकडनं तरी लिहून घेतलेला. शेजारच्या सरांनी माझ्या दाराकडे कॅमेरा लावलेला आहे, तो सतत चालू असतो, तरी त्याची चौकशी व्हावी. एवढाच.

"बोला. ह्यांचं दार दिसतं का कॅमेऱ्यात?"

मी उठून उभी राहिले. आवाज खणखणीत निघाला. "नाही मॅडम. एक इंच सुद्धा नाही! बसवला त्या दिवसापासनं दार आणि पायरी काळी केलीया. आवाज बंद आहे. पाटी लावलीया." वही दाखवली. लॅपटॉप उघडून चौकोन दाखवला.

मॅडमनी नीट बघितलं. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "व्वा. अशी काळजी घेणारे थोडेच असतात." मालकांनी मला कोपरानं ढोसलं. मला वाटलं, सुटलो! दुकान वाचलं!

मॅडम वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "आजी, तुमचं दार दिसतच न्हाय बरं का. पायरी बी न्हाय. तुमी निर्धास्त ऱ्हावा."

हौसाक्का त्यांच्याकडं बघत राहिली. "दिसत न्हाय?"

"न्हाय."

"मी कुठं म्हणलं दिसू नगं म्हणून? आवो, दिसतंय म्हणूनच मी एकली ऱ्हात हुते. लेक पुण्याला चल म्हणत हुता. मी म्हणायची, मला काय धाड भरलीया, सर बघत्यात की."

मॅडमनी हातातला अर्ज टेबलावर ठेवला.

"मागच्या महिन्यात, बेस्तरवारी, पायरीवरनं पडले. सकाळचं अकरा. गल्लीत चिटपाखरू न्हवतं. वराडले, पर आवाज फुटंना. मग म्हणलं, कॅमेरा हाय की. हात केला. रोज करत्ये तसाच. ऊन पायरीवरनं भित्तीवर गेलं, तवर हात करत हुते. मग गॅसवाला आला, त्यानं उचलली." ती सरांकडं वळली. "तुमी घरातच हुतासा सर. खोकलेलं ऐकू येत हुतं मला. बघून बी का आला न्हाईसा, एवढंच इचारायचं हुतं. तुमच्या दारात येऊन इचारायला पाय न्हाय. म्हणून अर्ज दिला."

सरांना सगळं ऐकू आलं की नाही माहीत नाही. पण कळलं. त्यांचे ओठ हलले. "आक्का, मला... मला दिसलं नाही गं." आणि ते माझ्याकडं बघायला लागले.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "त्या दिवसाचं लावा."

मी लावलं. सरांचं फाटक, फाटकावर मांजर, मोकळी गल्ली, आणि डावीकडं माझा काळा चौकोन. अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मांजर उठून गेलं. मॅडम 'पुढं घ्या' म्हणाल्या नाहीत, आणि माझ्याच्यानं पुढं घेववत नव्हतं.

हौसाक्का खुर्चीतनं पुढं वाकली. चष्मा वर केला, खाली केला. मग फाटकापासनं बोट फिरवत फिरवत चौकोनापर्यंत आली आणि तिथं थांबली.

"पोरी," ती मला म्हणाली, "ह्यात मी कुठं हाय गं?"